पुसला न गेलेला सी: कम्युनिटी कॉलेजातून मेडिकलला, माझ्या भाचीचं पूर्ण प्रकरण

गेल्या दोन-तीन महिन्यांत मला चार घरांतून फोन आले. सगळे अलीकडेच ग्रीन कार्डवर अमेरिकेत आलेले, मुलं अठरा-एकोणीसची, बारावी तिकडे झालेली, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात जिथून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होऊन डिग्री पुरी करतात, तिथे घातलं तर पुढे डॉक्टर होता येतं का. येतं. माझ्या भावाची मुलगी या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका एमडी कॉलेजात (इथे एमडी ही डॉक्टरची पहिलीच डिग्री) पहिल्या वर्षाला बसणार आहे. पण फोनवर ‘येतं’ एवढंच सांगून ठेवलं तर समोरच्याचं नुकसान होतं, कारण मधे ज्या गोष्टी अडल्या त्या आम्हाला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. म्हणून सगळं लिहितेय. तिला विचारून लिहितेय, कॉलेजांची नावं नको म्हणाली, मार्क मात्र खरे टाक आत्या म्हणाली.

सुरुवात थोडी मागून. भावासाठी मी २००४ साली अर्ज भरला, भावंडांच्या कॅटेगरीत, एफ-४ म्हणतात ती. भारतासाठी ती रांग किती लांब असते ते ज्यांनी भरलाय त्यांना माहितीय, त्यांचा नंबर लागला तेव्हा २०१९ उजाडलं होतं. अर्ज भरला तेव्हा भाची तीन वर्षांची होती, आली तेव्हा अठराची. मिरजेत वाढलेली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावी सायन्स, नीट दिलेली, ७२० पैकी ४३१, ओपनमधून सरकारी सीटला ते पुरले नाहीत आणि प्रायव्हेटची फी भावाला झेपणारी नव्हती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून तिथे कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात, आणि भाऊ तिथेच एका मेडिकल दुकानात सतरा वर्षं कामाला होता. त्यामुळे पोरीच्या डोक्यात डॉक्टरशिवाय दुसरं काही कधी आलंच नाही.

इथे आल्यावर पहिला धक्का हा की बारावीनंतर डायरेक्ट मेडिकल नाही. आधी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग मेडिकलची चार वर्षं, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, तीन ते सात. भाऊ हिशोब करत बसला आणि गप्प झाला. दुसरा धक्का फीचा. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (कोर्स किती मोठा ते युनिटात मोजतात) ४६ डॉलर, देशात इतकं स्वस्त फार कमी ठिकाणी असेल, पण ती राज्याच्या रहिवाशाला, आणि रहिवासी ठरायला टर्म सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिलेलं लागतं. तोवर युनिटला तीनशेच्या वर. म्हणजे केमिस्ट्रीचा पाच युनिटचा एक कोर्स रहिवाशाला २३० डॉलरला आणि नुकत्याच आलेल्याला दीड हजाराच्या पुढे.

म्हणून पहिलं वर्ष तिने इंग्रजीचे नॉनक्रेडिट वर्ग केले, ते फुकट असतात, आणि इंडियन ग्रोसरीच्या दुकानात काम केलं. भाऊ गोदामात लागला, इनलंड एम्पायर म्हणतात तो रिव्हरसाइड-सॅन बर्नार्डिनोचा सगळा पट्टा गोदामांचाच आहे. जानेवारी २०२० मध्ये तिने घाई करून जवळच्या एका कॉलेजात सायकॉलॉजीचा एक कोर्स जास्तीची फी भरून घेतला, वर्ष नुसतं जातंय असं वाटायला लागलं होतं तिला. मार्चमध्ये सगळं बंद झालं, कोर्स ऑनलाइन गेला, घरात एकच फोन होता इंटरनेटला, तिने कोर्स सोडला. कोविडमुळे तेव्हा ‘ईडब्ल्यू’ म्हणजे माफ केलेली माघार असा शेरा द्यायचे, जीपीएवर, म्हणजे ग्रेडच्या चारपैकी काढलेल्या सरासरीवर, काही परिणाम नाही, पैसेही नंतर परत आले. तिच्या लेखी तो विषय संपला. हा कोर्स लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

ऑगस्ट २०२० पासून ती रहिवासी झाली, घर बदललं होतं म्हणून कॉलेज दुसरं, आणि फी माफीही मिळाली, कॉलेज प्रॉमिस ग्रँट म्हणून असते, कमी उत्पन्नवाल्यांना युनिटचे ४६ सुद्धा भरावे लागत नाहीत. पहिल्याच सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री, ऑनलाइन, लॅबसुद्धा व्हिडिओ बघून. सकाळी चार ते दहा ती भावाबरोबर गोदामात पॅकिंगला जायची कारण त्या महिन्यांत ग्रोसरीचं काम बंद होतं, आणि दुपारी लेक्चर. पेपर इंग्रजीत, मोल आणि लिमिटिंग रिएजंट तिला मराठीत पाठ, इंग्रजीत प्रश्न वाचायलाच वेळ जायचा. सी आला.

ती रडली वगैरे, पण त्याहून वाईट झालं ते यानंतर. ती कॉलेजच्या काउन्सेलरकडे गेली की हा कोर्स परत घेऊ का, तर उत्तर मिळालं की सी म्हणजे पास आहे, आणि युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर झालीस की तिथे जीपीए शून्यापासून सुरू होतो, काळजी करू नकोस. ही दोन्ही वाक्यं त्यांच्यापुरती बरोबर होती. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत सी किंवा वर असेल तर तो कोर्स साधारणपणे परत घेताच येत नाही. आणि यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, गेल्यावर तिथला जीपीए खरंच नव्याने सुरू होतो. पण मेडिकलला जायचंय असं तिने सांगितल्यावर तिसरं वाक्य यायला हवं होतं ते आलं नाही, की मेडिकलचा अर्ज युनिव्हर्सिटीच्या जीपीएवर चालतच नाही. तो अ‍ॅमकास नावाच्या एका सामाईक सिस्टिममधून जातो, आणि अ‍ॅमकास तुमच्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ग्रेडची अधिकृत यादी, वेगळी मागवून, बारावीनंतरचा इथला प्रत्येक कोर्स मोजून, स्वतःचा जीपीए काढतं. एखादा कोर्स दोनदा केला असेल तर दोन्ही ग्रेड धरतात. त्यातही एक आकडा नुसता सायन्सचा, बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स यांचा, बीसीपीएम. म्हणजे कम्युनिटी कॉलेजातला सी तुमच्याबरोबर शेवटपर्यंत येतो. हे आम्हाला दीड वर्षाने कळलं, आणि तेही मी ओळखीच्या, रेसिडेन्सी करणाऱ्या एका मुलीला जेवायला बोलावलं म्हणून.

तुमचं मूल आज कम्युनिटी कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला असेल तर हे एवढं आजच सांगा त्याला. पहिल्या सेमिस्टरला सायन्सचा एकच कोर्स घ्या, दोन नको, हातात नोकरी असेल तर नक्कीच नको.

नंतरची अडीच वर्षं तिने फार चांगली काढली. जनरल केमिस्ट्रीचा दुसरा भाग ए, ऑरगॅनिकच्या दोन्ही सेमिस्टरला ए, बायॉलॉजी ए, कॅल्क्युलस पहिला बी, फिजिक्स पहिला बी, बाकी ए. ऑरगॅनिकच्या सरांचा वर्ग तीसेक मुलांचा, लॅब ते स्वतः घ्यायचे, टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारे मोठे विद्यार्थी, कोणी नाही. कम्युनिटी कॉलेजला हलकं समजणाऱ्यांना हे मला मुद्दाम सांगायचंय, यूसीत तोच विषय तीनशे मुलांच्या हॉलमध्ये शिकवतात आणि प्रोफेसरला तुमचं नाव माहीत नसतं. या सरांनी तिला ऑफिस अवरमध्ये बसवून बसवून यंत्रणा, म्हणजे इलेक्ट्रॉनचे बाण कुठून कुठे जातात ते, फळ्यावर काढायला लावलं आणि तिथे तिचं इंग्रजी पण सुटलं.

एकूण ६८ सेमिस्टर युनिट, जीपीए ३.७३. त्यातच तिने ईएमटीचा, म्हणजे अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करायचा, कोर्स केला, कॅलिफोर्नियात कमीत कमी १७० तासांचा असतो तो, परीक्षा पास झाली आणि एका प्रायव्हेट अँब्युलन्सवर शनिवार-रविवार आणि सुट्टीत कामाला लागली. तासाला मिळणारे पैसे गोदामापेक्षा कमीच होते, भाऊ त्यावरून कुरकुरला, पण पूर्ण अर्जात ज्या गोष्टीने तिला सगळ्यात जास्त तारलं ती हीच नोकरी.

ट्रान्सफरचा भाग त्यामानाने सोपा गेला, कारण तिथे नियम लिहिलेले आहेत. असिस्ट डॉट ऑर्गवर आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स यूसीच्या कुठल्या कोर्सला चालतो ते कोर्सच्या नंबरासकट दिसतं. नऊपैकी सहा यूसी कॅम्पस, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, अटी पूर्ण केल्या तर आधीच गॅरंटी देतात, टॅग म्हणतात त्याला, फक्त एकाच कॅम्पसला भरता येतो आणि सप्टेंबर महिन्यात भरायचा असतो. तिने भरला, मिळाला, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ती बायॉलॉजीला तिसऱ्या वर्षात गेली. ट्यूशन यूसीच्या ब्लू अँड गोल्ड योजनेत आणि कॅल ग्रँटमध्ये निघाली, राहायला घरीच, रोज गाडीने चाळीस मिनिटं.

आणि पहिल्या क्वार्टरला ती आपटली. सेमिस्टर सोळा-सतरा आठवड्यांचं असतं, क्वार्टर दहाचं. तिसऱ्या आठवड्यात मिडटर्म. चार कोर्स, त्यातलं बायोकेमिस्ट्री बी मायनस, एक सी प्लस, क्वार्टरचा जीपीए २.९. ट्रान्सफर शॉक असा शब्दच आहे त्याला इकडे, इतक्या मुलांचं होतं.

आता प्रकरणातली सगळ्यात अवघड जागा. डिसेंबर २०२३ ची सुट्टी, आम्ही सगळे माझ्याकडे जमलेलो, आणि भाऊ म्हणाला की अर्ज पुढच्या जूनला भरायचा ना. त्याचा हिशोब असा, मेडिकलचा अर्ज प्रवेशाच्या एक वर्ष आधी भरतात, जून २०२४ ला भरला तर जून २०२५ ला डिग्री आणि ऑगस्ट २०२५ ला मेडिकल, मधे एक दिवस वाया नाही. मी म्हटलं नको, एक वर्ष थांबू दे. तो म्हणाला, “ताई, तिच्या बरोबरची मुलं मिरजेत २०१९ ला एमबीबीएसला बसली ती त्यावेळी इंटर्नशिप संपवून डॉक्टर झालेली असतील, आणि ही अजून अर्जच भरतेय असं सांगू का मी लोकांना?” त्याचं मला वाईट वाटलं, चूक नव्हता तो, पंधरा वर्षं वाट बघून आलेला माणूस अजून एक वर्ष थांब म्हटल्यावर काय बोलणार. पण वर्ष वाया जाणं ही आपली कल्पना आहे, तिकडे गॅप पडली की माणूस रांगेतून बाहेर पडतो. इथे मेडिकलच्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्यांचं सरासरी वयच चोवीसच्या आसपास आहे.

मी कागद घेऊन त्याला मांडून दाखवलं. सरळ चार वर्षं युनिव्हर्सिटीत असलेलं मूल तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अर्ज भरतं तेव्हा त्याच्याकडे तीन वर्षांचे प्रोफेसर, दोन वर्षांची लॅब असते. ट्रान्सफर झालेल्या मुलाने त्याच वेळी भरला तर त्याच्याकडे युनिव्हर्सिटीचे फक्त तीन क्वार्टर, म्हणजे नऊ महिने, आणि त्यातला पहिला हिच्यासारखा २.९ असेल तर कमिटीला दिसतं काय, की कम्युनिटी कॉलेजात ए मिळवायची आणि खऱ्या युनिव्हर्सिटीत गेल्यावर घसरली. सायन्सच्या प्रोफेसरची दोन शिफारसपत्रं बऱ्याच कॉलेजांना लागतात, तिला ओळखणारा एकही प्रोफेसर तेव्हा तिथे नव्हता. एमकॅटच्या सराव परीक्षेत ती ४९८ ला होती. ही परीक्षा ४७२ ते ५२८ अशी मोजतात आणि एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या घरात असते, त्यांचा जीपीए तेव्हा साधारण ३.७७ होता. एकदा पडलेला अर्ज दुसऱ्या वर्षी परत भरताना आधी भरला होता हे कॉलेजला दिसतं, एमकॅटचे सगळे स्कोअर दिसतात. म्हणजे वर्ष वाचवायला गेलो असतो तर तेच वर्ष गेलं असतं आणि वर शिक्का लागला असता.

त्याच रात्री मी त्याला अजून एक गोष्ट वाचून दाखवली होती. २०१४ साली अकॅडेमिक मेडिसिन या मासिकात एक अभ्यास आला होता, त्यात २०१२ साली मेडिकलला बसलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलांनी कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजात काहीतरी कोर्स केलेला होता. पण आधी कम्युनिटी कॉलेज आणि मग ट्रान्सफर, अशा मुलांना सारखेच मार्क आणि सारखाच एमकॅट धरूनही प्रवेश मिळायची शक्यता कमी निघाली. सारखे मार्क धरूनही! मला हा अन्याय वाटतो आणि मी तो तसाच म्हणते, कारण त्याच लोकांनी पुढे २०१८ मध्ये दाखवलं की कम्युनिटी कॉलेजातून आलेले डॉक्टर फॅमिली मेडिसिनकडे जास्त वळतात, जिथे माणसांची सगळ्यात जास्त गरज आहे. आमच्या भागात फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला किती थांबावं लागतं ते मी रोज बघते. पण अन्याय आहे म्हणून बसून चालत नाही, दारात उभं राहायचं तर तयारी इतरांपेक्षा जास्त लागणार हे धरून चालावं लागतं.

भाची तोवर गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, मला एक वर्ष द्या, मी ते वाया घालवणार नाही.” भावजयीने विषय तिथेच संपवला, म्हणाली पंधरा वर्षं थांबलो तर एक काय.

त्या वर्षात काय काय झालं ते सांगते. पुढचे क्वार्टर तिने तीन-तीनच कोर्सचे घेतले, उन्हाळ्यात एक जास्तीचं केलं, आणि राहिलेल्या ७६ क्वार्टर युनिटचा जीपीए ३.७२ पर्यंत नेला. अ‍ॅमकास क्वार्टरचे युनिट सेमिस्टरमध्ये बदलून घेतं, दीडाने भागायचं, म्हणजे तिचे यूसीचे ९२ म्हणजे ६१ झाले, त्यांचा सगळ्यांचा मिळून ३.५८, कम्युनिटी कॉलेजचे ६८ त्यात मिळवले की शेवटचा आकडा ३.६६. बघा, सरासरीपेक्षा कमीच आहे. पण वर्षावार लावला की २०२० चा खड्डा, मग चढ, मग २०२३ च्या शेवटाचा खड्डा, मग परत चढ, आणि शेवटचे दोन-तीन क्वार्टर ए च्या जवळ. वाचणाऱ्याला तो चढ दिसतो.

२०२४ च्या सप्टेंबरपासून ती जेनेटिक्सच्या एका प्रोफेसरच्या लॅबमध्ये फळमाश्यांवर काम करायला लागली, आधी तीन महिने नुसत्या बाटल्या धुवायच्या आणि माश्यांचं खाणं शिजवायचं, मग स्वतःचा छोटा प्रयोग. शिफारसपत्रांपैकी एक तिथून आलं. एक कम्युनिटी कॉलेजच्या ऑरगॅनिकच्या सरांचं, आणि इथे तिने शहाणपणा केला होता, कॉलेज सोडायच्या आधीच मे २०२३ मध्ये ते पत्र लिहून घेऊन इंटरफोलिओ या पत्रं साठवायच्या वेबसाइटवर ठेवलं होतं. सर पुढच्याच वर्षी रिटायर झाले. पत्र नंतर मागते म्हणणाऱ्या मुलांनी हे ऐकावं. तिसरं इंग्रजीच्या मॅडमचं, चौथं अँब्युलन्सच्या सुपरवायझरचं.

एमकॅट एप्रिल २०२५ ला दिली, साडेसात तासांचा दिवस. ५०९. चारपैकी तीन भागांत १२९, १२८, १२८ आणि कार्समध्ये १२४. कार्स म्हणजे उतारे वाचून प्रश्न, ९० मिनिटांत ५३, तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, असले विषय. मराठी मीडियमच्या मुलांचं इथेच अडतं, पाठांतर करण्यासारखं त्यात काहीच नाही. तिने आठ महिने रोज दोन उतारे वाचले, ११९ वरून १२४ वर आली. परत द्यावी का यावर घरात दोन आठवडे खल झाला, मी म्हटलं नको, बाकीचे तीन भाग पुन्हा एवढे येतील याची खात्री नाही आणि अर्ज उशिरा जाईल, आणि या अर्जात लवकर भरण्याला फार किंमत आहे, कारण बरीच कॉलेजं अर्ज येतील तसे इंटरव्ह्यूला बोलावत जातात.

पैशाचं. अ‍ॅमकासची फी तेव्हा पहिल्या कॉलेजला १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला चाळीसच्या वर होती, शिवाय प्रत्येक कॉलेजच्या सेकंडरीची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या दुसऱ्या फॉर्मची, फी वेगळी शंभरेक. पण एएएमसीची, म्हणजे एमकॅट आणि हा अर्ज दोन्ही चालवणाऱ्या संस्थेची, फी असिस्टन्स योजना आहे, कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांच्या आत असेल तर मिळते, म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरीच कुटुंबं बसतात. एमकॅटची फी निम्म्याहून कमी होते, वीस कॉलेजांपर्यंत अर्ज फुकट, आणि बहुतेक कॉलेजं सेकंडरीची फी पण सोडतात. अट एकच लक्षात ठेवायची, मंजुरी एमकॅटचं रजिस्ट्रेशन करायच्या आधी यायला हवी, भरलेले पैसे मागे मिळत नाहीत. मूल २६ च्या आतलं असेल तर आईवडिलांचे कागद द्यावे लागतात, ते तयार ठेवा.

आणि इथेच एक महत्त्वाचं, हे सगळं ग्रीन कार्ड आहे म्हणून. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या, मुलांच्या घरांनी ही गोष्ट जशीच्या तशी लावून घेऊ नये, अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजं सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात आणि त्यात २१ व्या वर्षी तो व्हिसा संपतो हा प्रश्न वेगळाच. त्यांनी कॉलेजांची यादी त्या हिशोबाने आधी बघावी.

मे २०२५. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही अ‍ॅमकासचा फॉर्म भरायला बसलो. पहिलाच भाग, आजवर शिकलेल्या सगळ्या कॉलेजांची यादी. तिने दोन लिहिली, कम्युनिटी कॉलेज आणि यूसी. भावजय कणीक मळत होती, तिथूनच म्हणाली, “अगं, ते पहिलं? लॉकडाऊनच्या आधी नऊशे-हजार डॉलर भरले होते ते?” भाची म्हणाली तो कोर्स मी सोडलेला, पैसेपण परत मिळाले. मी सूचना उघडून वाचली तर स्पष्ट लिहिलेलं, एका कोर्सला जरी नाव घातलं असेल, मधे सोडलं असेल, क्रेडिट मिळालं नसेल, तरी ते कॉलेज दाखवायचं आणि ट्रान्सक्रिप्ट मागवायची. भावजयीने हात धुतले, घरी गेली आणि तासाभराने प्लास्टिकच्या फाइलमध्ये २०१९ पासूनची प्रत्येक पावती घेऊन आली, त्यात त्या कोर्सचीही, विद्यार्थी क्रमांकासकट. त्या क्रमांकाशिवाय ती ट्रान्सक्रिप्ट काढायला आम्हाला किती दिवस लागले असते कोण जाणे. आणि राहिलं असतं तर माहिती लपवली असा ठपका येऊ शकला असता, मेडिकलमध्ये ती फार गंभीर गोष्ट धरतात. दहावीपर्यंत शिकलेल्या बाईने ते वाचवलं, हे मी जाईन तिथे सांगते.

निबंध. ५३०० अक्षरांचं पर्सनल स्टेटमेंट असतं. तिचा पहिला खर्डा मिरजेतल्या आजीच्या आजारपणावर होता. मी वाचला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी तिला सांगितलं की हा ठेव बाजूला, कारण त्यात ती स्वतः काही करत नव्हती, नुसती बघत होती. मग तिने अँब्युलन्सबद्दल लिहिलं. तिच्या कामातलं निम्मं काम म्हणजे नर्सिंग होममधल्या माणसांना डायलिसिसला नेणं-आणणं, आठवड्यातनं तीनदा, तीच माणसं, तोच रस्ता. लोक याला कंटाळवाणं काम म्हणतात. एक आजोबा मंगळवार-गुरुवार-शनिवारचे होते, शनिवारनंतर थेट मंगळवार, मधे सगळ्यात मोठी गॅप. सुट्टीतली गोष्ट, एका मंगळवारी त्यांनी स्ट्रेचरचं डोकं रोजच्यापेक्षा जास्त उंच कर म्हटलं. एवढंच. तिला खटकलं, तिने पाय दाबून बघितले, सूज मांडीपर्यंत, ऑक्सिजन मोजला, कमी होता, नर्सला बोलावलं आणि ती फेरी डायलिसिस सेंटरला न जाता इमर्जन्सीला गेली. त्या मोठ्या गॅपमध्ये अंगात पाणी आणि पोटॅशियम का साठतं आणि हृदयावर काय होतं ते तिला सहा महिन्यांनी फिजिऑलॉजीच्या वर्गात कळलं, आणि ती म्हणते त्या दिवशी हॉलमध्ये तीनशे मुलांत बसून मला पहिल्यांदा वाटलं की मी बरोबर जागी आहे. हे तिने लिहिलं, ना नाव ना गाव, माणूस ओळखू येणार नाही असं. दोन्ही इंटरव्ह्यूत तिला त्याच आजोबांबद्दल विचारलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला, १८ एमडी कॉलेजं आणि वेगळ्या सिस्टिममधून ६ डीओ. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक, इथे ते पूर्ण डॉक्टर असतात, ऑपरेशन करतात, औषधं देतात, आपल्याकडे लोकांना ते हाडवैद्य वाटतात म्हणून सांगितलं. जुलै-ऑगस्टमध्ये सेकंडरी निबंध, रोज रात्री एक. मग शांतता. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, भाऊ मला रोज फोन करायचा आणि तिच्यासमोर काही बोलायचा नाही. नोव्हेंबरमध्ये एक डीओ इंटरव्ह्यू, जानेवारीत एक एमडी. बाकीच्यांपैकी काहींनी नकार कळवला, काहींनी काहीच नाही.

इंटरव्ह्यूची तयारी करताना त्या सी बद्दल ती पाच मिनिटं बोलायची, कोविड, एकच फोन, पहाटेचं गोदाम, इंग्रजी, सगळं खरं, पण ऐकणाऱ्याला सबब वाटेल असं. आम्ही ते दोन वाक्यांवर आणलं: “तो माझा अमेरिकेतला पहिला सायन्सचा कोर्स होता आणि मी त्याला लागतो तेवढा वेळ दिला नाही. पुढच्या सेमिस्टरपासून कामाचे तास कमी केले, त्यानंतरची केमिस्ट्री समोर आहे.” एमडीच्या इंटरव्ह्यूत प्रश्न अगदी तोच आला, ती एवढंच बोलली आणि थांबली, आणि विचारणाऱ्या बाई पुढच्या प्रश्नाला गेल्या.

डिसेंबरमध्ये डीओ कॉलेजचा होकार आला, सीट राखायला दीड हजार डॉलर, परत न मिळणारे. भरले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एमडीचा फोन आला, ती अँब्युलन्समध्ये होती, पेशंट उतरवून मग उचलला. ३० एप्रिलपर्यंत एकच सीट ठेवायची असते, एमडी ठेवली, दीड हजार गेले, आणि भावाने त्याबद्दल अजून एक शब्द काढलेला नाही.

पैशाचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. फी आणि राहणं धरून वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास जातील, आणि १ जुलै २०२६ पासून सरकारी कर्जाचे नियम बदलतायत, ग्रॅड प्लस नावाचं कर्ज नव्यांना बंद, मेडिकलच्या मुलाला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख ही मर्यादा. हिची बॅच बरोबर त्यातच सापडली. कॉलेजची ग्रँट मिळतेय, तरी काही हजार उरतात. ती नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरच्या स्कॉलरशिपला भरणार आहे, त्याला सिटिझन असावं लागतं, नुसतं ग्रीन कार्ड चालत नाही, ते फी देतात आणि बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात काही वर्षं काम करायचं, आणि तिला तसंही इथल्याच भागात काम करायचंय. मिळेल न मिळेल, चुरस मोठी असते.

सध्या ती अजून अँब्युलन्सवरच आहे, जुलैच्या शेवटापर्यंत. कॉलेजने प्रवेश पक्का करायला सगळ्या ठिकाणच्या ट्रान्सक्रिप्ट पुन्हा थेट मागवल्यात, तिन्ही, त्या ईडब्ल्यूवालीसकट. दोन पोचल्या. तिसरी निघाली म्हणून काल ईमेल आलाय, आणि भावजयीने त्याचीही प्रिंट काढून फाइलला लावलीय.